तीन वेढे

वंगणमावशीचे हात कोरडे असलेले मी आयुष्यात एकदाच पाहिले. एरवी ते कोपरापर्यंत काळे, तेलकट आणि चकचकीत असत. एरंडेलाचा गाळ, भांड्यांच्या बुडाची काजळी आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या एका फुटक्या मडक्यात कालवून ती बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, चाकांसाठी वंगण करायची. तिच्या भाकरीलासुद्धा त्याचा वास यायचा. पाण्याचा तांब्या दिला तर तो निसटू नये म्हणून ती दोन मनगटांत धरायची. "माह्या हातात काही टिकत नायी, मास्तर," ती म्हणायची, "सारं सुटून जाते." हे ती हसत म्हणायची, तेव्हा तिचा घरवाला जिवंत होता.

तिची झोपडी अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीरस्त्यावर होती. मूर्तिजापूर मागे टाकलं की थोड्या वेळानं नदीचा मोठा उतार लागतो, त्या उताराच्या अगदी डोक्यावर. तिकडे अमेरिकेत कुठं लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना अचानक सोन्याचे दिवस आले. आगगाडी अजून अकोल्यापर्यंत पोचायची होती. त्यामुळे सगळा कापूस बंड्यांनीच पश्चिमेकडे जायचा. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बंड्यांची रांग तुटत नसे, आणि प्रत्येक बंडी मावशीच्या झोपडीपाशी थांबे. ती बांबूच्या नळकांड्यातून वंगण काढी, चाक थोडं बाहेर ओढून कण्याला चोपडी, आणि गाडीवान तिच्या पदरात पसाभर ज्वारी टाकून पुढं जाई.

बंडी दिसायच्या आधी तिला ऐकू यायची. चुलीपुढं बसल्या बसल्या ती मान न वळवता सांगे, "दर्यापूरचा म्हातारा आला. डाव्या चाकाले कोरड पडली त्याच्या." पाव घटकेनं खरंच दर्यापूरचा म्हातारा हजर होई, आणि डावं चाक किरकिरत असे. मी तिला एकदा विचारलं, मावशी, हे तुम्हाला कसं कळतं? ती म्हणाली, "जिथं घासते तिथं रडते. रडणं नायी का ओळखू येत माणसाले?"

मी उताराजवळच्या गावात नवीनच निघालेल्या शाळेचा मास्तर होतो. मूळचा अमरावतीचा, बावीस वर्षांचा, आणि डोक्यात वारा भरलेला. माझ्याजवळ यंत्रशास्त्राचं एक मराठी पुस्तक होतं, त्यात बल, भार, उतरण आणि घर्षण यांवर चार प्रकरणं होती. ती मी पाठ केली होती. सबंध पंचक्रोशीत 'घर्षण' हा शब्द माहीत असलेला मी एकटाच आहे, याची मला फार ऐट वाटायची.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मनानं खुनशी माणूस आहे. वय झालं, दात पडले, पण ती खोड गेली नाही. या लिखाणात एक मुकादम येईल. त्याचं नाव मला पक्कं आठवतं, आणि ते मी मुद्दाम लिहिणार नाही. त्याचं नाव मागं राहावं एवढी मेहेरबानी माझ्या हातून त्याच्यावर व्हायची नाही.

हा मुकादम अमरावतीच्या एका व्यापाऱ्याच्या तीस बंड्या हाकवायचा. मावशीचा घरवाला त्यातलाच एक गाडीवान. उंच, सावकाश बोलणारा, बैलांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारा माणूस. तो बंडी घेऊन आला की मावशी त्याच्या चाकांना सगळ्यात मऊ वंगण लावायची, चिंध्या निवडून काढलेलं. "याची बंडी लोण्यावानी चालली पायजे," असं ती त्याच्याकडे न बघता बाकीच्यांना ऐकवायची, आणि तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत नुसता हसायचा.

वंगण सपाटीसाठी. उताराला दुसरी गोष्ट लागते. द्वाड ढोराच्या गळ्यात लोढणं अडकवतात, तसलाच पण दोन माणसांनी उचलावा एवढा बाभळीचा ओंडका गाडीवान उतार आला की साखळीनं बंडीच्या मागं बांधत. त्यालाही लोढणंच म्हणत. ते मुरमावर खरवडत मागं यायचं आणि बंडीला धरून ठेवायचं, मग बैलांना झेपे. लोढणं बांधायला वेळ लागे, खाली पोचल्यावर सोडायला वेळ लागे, आणि एरवी ते बंडीखाली बांधून वाहावं लागे. पण त्याशिवाय भरलेली बंडी त्या उतारावर कोणी घालत नसे.

थंडीचे दिवस होते. मुकादमाच्या तीस बंड्या उताराच्या अलीकडे झाडाखाली थांबल्या होत्या. दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या बंड्या मागून येत होत्या आणि मुकादमाला त्यांच्या आधी पोचायचं होतं. सकाळी त्यानं हुकूम सोडला की लोढणी सोडा, त्यांच्यापायी अर्धा दिवस जातो. ती कोणी पुन्हा बांधू नयेत म्हणून त्यानं ती स्वयंपाकाच्या चुलीत घातली. मावशीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचा घरवाला बंडी घेऊन झोपडीशी आला तेव्हा तिनं नेहमीसारखं वंगण घातलं, मऊ, निवडलेलं. मग तो झाडाखालच्या रांगेत गेला.

पहिल्या सात बंड्या कशाबशा उतरल्या. आठवी त्याची होती. मावशी चुलीपुढं बसली होती आणि तिला आवाज आला. ती मला पुढं कितीदा तरी सांगायची की त्यात लोढण्याची खरखर नव्हती. नुसता गडगडाट, आणि तो वाढत गेला. ती धावली. खाली पोचली तेव्हा बंडी नदीच्या दगडांवर उलटी पडली होती, चाकं आभाळाकडं करून, आणि एक चाक अजून फिरत होतं. सुंदर फिरत होतं, किरकिर न करता. घरवाला बंडीखाली होता. त्याचा एक बैलही गेला.

ठाण्यात कळवायला कागद हवा होता. गावात लिहिता येणारा मी. मुकादम माझ्याकडं आला, जोडे बाहेर काढून अदबीनं बसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी शिकले-सवरले. लिवा, गाडीवान पेंगत होता." मी लिहिलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी पाप कमी झालं असतं. पण माझ्या अंगात पुस्तक संचारलं होतं. मी आपल्या मनानं पुढं एक वाक्य घातलं: 'त्यातून बंडीच्या कण्यास वंगण प्रमाणाबाहेर घातल्यामुळे घर्षण नाहीसे होऊन बंडी आवरली नाही.' मुकादमानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "वा मास्तर, हे तं मले सुचलंच नसतं." मला तेव्हा ही शाबासकी वाटली. त्या कागदात मावशीच्या घरवाल्याचं नावसुद्धा नव्हतं. 'एक गाडीवान' एवढंच.

बाकीच्या एकोणतीस गाडीवानांना सगळं माहीत होतं. एकही बोलला नाही. पोटावर पाय येईल म्हणून मुंड्या खाली घालून पुढं निघून गेले. मी त्यांना नावं ठेवायला मोकळा नाही, पण ठेवतो.

तेरावा झाल्यावर मावशी शाळेत आली. दाराशी उभी राहून म्हणाली, "मास्तर, तो कागद मले वाचून दाखवा." माझ्याकडं नक्कल होती. मी वाचली. झोपेचं वाक्य तिनं गप ऐकलं. वंगणाचं वाक्य आलं तेव्हा तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, "घर्षण मंजे काय?" मी सांगितलं, दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की चालीला जो अडथळा होतो तो. ती म्हणाली, "आमी त्याले धर मनतो." आणि थोड्या वेळानं, "म्या वंगण घातलं ते लोढणं धरून घातलं, मास्तर. लोढणं कुठं हाये तुमच्या कागदात?"

ती रागावली नाही, रडली नाही. म्हणाली, "उद्या सकाळी उतारावर या. तुमच्या पुस्तकाले बी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या दिराला, नथ्थूला, आणि रस्त्यानं जाणाऱ्या पाचसात गाडीवानांना थांबवून ठेवलं होतं. दोन बंड्या सारख्या दगडांनी भरल्या होत्या. एकीच्या कण्याला भरपूर वंगण. दुसरीचा कणा तिनं राखेनं आणि चिंधीनं घासून कोरडा ठणठणीत केला होता. बैल सोडले होते. मागं दोर बांधून आठ जणांनी धरायचं आणि बंडी उतारावर हात-दोन हात सोडायची, असा तिचा बेत होता. मलाही तिनं दोराला लावलं. वंगणाच्या बंडीनं आम्हा आठांना टाचा रोवायला लावल्या. कोरड्या बंडीनं तेवढंच केलं. ती किंचाळली खूप, पण ओढ तीच. माझ्या तळहातांची सालं निघाली. मग दोन्हींना लोढणी बांधली. चौघं सहज पुरले, वंगण असो की नसो.

"कोरड्या चाकानं बैलाचा जीव जाते सपाटीवर," मावशी म्हणाली. "उतारावर कोरडं काय अन् ओलं काय? तिथं धर लागते ते जमिनीची. आता लिवा."

मी म्हणालो, मावशी, तो कागद गेला. आता त्यात काही घालता येत नाही. मुकादमानं स्वतः कबूल केलं तरच काही होईल. ती उताराकडं वळून म्हणाली, "मंग करीन तो कबूल."

यापुढचं एक वर्ष मी तिच्या झोपडीवर रोज जायचो. एक तर मला घरी स्वस्थ बसवत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे मला शिकायचं होतं. मी माझं पुस्तक घेऊन बसायचो आणि ती त्यातल्या एकेका वाक्याची फजिती करायची. पुस्तकात होतं की घर्षण हा यंत्राचा शत्रू आहे. ती म्हणाली, "लिवणारा कधी पावसात काळ्या वावरातून चालला नायी वाटते." माझ्याशी ती बोलायची, शिकवायची, थट्टाही करायची, पण माझ्या हातचं पाणी ती प्यायली नाही. तांब्या पुढं केला की म्हणायची, "ठेवा खाली."

मुकादमाच्या बंड्या येतच राहिल्या. आणि मावशी त्यांना वंगण घालतच राहिली, पूर्वीपेक्षा जास्त जपून. गाववाल्यांना कळेना. कोणी म्हणालं, बाई नवऱ्याला विसरली. एकानं गुपचूप सुचवलं की त्याच्या वंगणात वाळू मिसळ, कणे झिजून जातील. मावशी त्याच्या अंगावर ओरडली, "वाळूनं मुकादमाले काय होते? बैल मरतीन!" मग मला हळूच म्हणाली, "त्याची बंडी चांगलीच पळाली पायजे, मास्तर. उतारापर्यंत." तिचे डोळे तेव्हा मला बघवले नाहीत. ती त्याचा जीव घेणार असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंहवंसं वाटलं.

त्या अपघातानंतर उतारावरची रीतच तिनं बदलली. लोढणी आता गाडीवान बरोबर वाहत नसत. ती सगळी मावशीच्या झोपडीशी रचलेली असत. वरून बांधायची, खाली सोडून द्यायची, आणि नथ्थू बैलाला जुंपून ती परत वर आणी. शिवाय अमरावतीत कापूस दाबून घट्ट गासड्या बांधायला लागले, बंड्या पहिल्यापेक्षा जड झाल्या, तेव्हा तिनं दोराची युक्ती काढली. झोपडीपुढं तोडलेल्या लिंबाचा कमरेएवढा बुंधा होता. मोटेचे जुने नाडे जोडून केलेला लांबलचक दोर बंडीच्या मागं बांधायचा, त्याचे तीन वेढे बुंध्याला घ्यायचे, आणि टोक हातात धरून हळूहळू सोडायचं. लोढणं आणि नाडा, दोन्ही मिळून बंडी अशी उतरायची की बैलांना मान ताठ करावी लागू नये.

एकदा तिनं ते टोक माझ्या हातात दिलं. "धरा. एका हातानं." खाली गासड्यांनी भरलेली बंडी उतारावर लटकून होती, लोढणंही नव्हतं तिला. मी टाचा रोवून उभा राहिलो. पण हाताला ओढ लागली ती शेळीच्या करडाएवढी. मावशी बुंध्यावर थाप मारून म्हणाली, "पयला वेढा पाच माणसं खाते. दुसरा त्यातलं उरलंसुरलं. तिसरा तुमच्यासारख्या मास्तरासाठी." मी घरी येऊन पुस्तक चाळलं. वेढ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ, आभाळ भरून आलेलं. वेचणीच्या दिवसांत अवकाळी पावसाचं लक्षण म्हणजे व्यापाऱ्याच्या पोटात गोळा. मावशीनं लांबून आवाज ऐकला आणि नथ्थूला शाळेत धाडलं. तो धापा टाकत म्हणाला, "मास्तर, वयनीनं सांगतलं, कागद अन् दौत-लेखणी घेऊन या. तो येऊन राहिला." मी शाळा सोडून पळत गेलो.

मुकादमाच्या बंड्या उताराशी थांबल्या होत्या. मागं आणखी पंधरा-वीस बंड्या अडकल्या होत्या, सगळे गाडीवान खाली उतरले होते. मुकादम सगळ्यांत पुढच्या बंडीवर बसला होता. पावसाच्या भीतीनं तो नुसता फणफणत होता.

मावशी रचलेल्या लोढण्यांपुढं उभी होती. "लोढणे देतो, मालक," ती म्हणाली. "एकच करा. या लोकायपुढं सांगा, त्या दिवशी लोढणे कोनं सोडले."

"अवो बाई, तुह्या नवऱ्याले झोप लागली अन् तुह्या वंगणानं त्याले मारलं," मुकादम म्हणाला. "कागदावर हाये ते. या मास्तरनंच लिवलं. ईचार त्याले!"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. मुकादमानं गाडीवानांना बंड्या हाका म्हणून फर्मावलं. कोणी जागचा हलला नाही. "भेकड साले," तो म्हणाला आणि त्यानं कासरा स्वतःच्या हातात घेतला. "बिनलोढण्याची बंडी कशी उतरते, मी दाखवतो."

"उतरा," मावशी म्हणाली. "पन मागून माहा दोर राहू द्या."

तो मोठ्यानं हसला. "राहू दे! बाईच्या हातचा दोर. धरशीन तं तूच फरफटत येशीन मागं." त्यानं जन्मभर बंड्या हाकवल्या होत्या, पण स्वतःच्या हातानं एकही उतरवली नव्हती. तीन वेढ्यांत काय असतं ते त्याला माहीत नव्हतं.

मावशी चुलीपाशी गेली. मूठभर राख घेऊन तिनं दोन्ही हात घासले, तळवे, बोटं, पुन्हा तळवे. मग पदराला पुसले. ते हात मी तेव्हा पाहिले. तळवे चांगले गोरे होते, आणि साध्या बाईच्या हातांसारखे हात होते. तिनं नाडा बंडीला बांधला, बुंध्याला तीन वेढे दिले आणि टोक धरलं.

मुकादमानं चाबूक ओढला. बंडी दहा-बारा हात गेली आणि बैलांचे खूर सुटले. मुरूम उडाला, जू शिंगांना जाऊन टेकलं. "लोढणं!" तो ओरडला. "लोढणं घाला बे! कोनी लोढणं घाला!" इतक्यात नाडा ताणला, बुंधा करकरला, आणि बंडी उताराच्या मधोमध थांबली. त्यानं मागं वळून पाहिलं. वर मावशी उभी होती, एका हातात दोर घेऊन.

"आता सांगा, मालक. लोढणे कोनं सोडले?"

"ठाण्यात देईन तुले, रांडे!"

मावशीनं दुसऱ्या हातानं एक वेढा बुंध्यावरून उचलून काढला. दोर हातभर सरकला. खाली मुकादमाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो आठवून मला आजही बरं वाटतं. "दोन रायले," मावशी म्हणाली.

तो बोलायला लागला. लोढणी त्यानंच सोडायला लावली. त्यानंच जाळली. वंगणाचा काही दोष नव्हता. मी उताराच्या कडेला बसून मांडीवर कागद घेऊन लिहीत होतो.

"झोपला होता का?"

"नायी."

"मोठ्यानं सांगा. मागच्यायले ऐकू आलं पायजे."

"जागा होता!" मुकादम ओरडला. त्याला रडू फुटलं होतं. "लोढणं द्या मनत होता मले. दोनदा मनला!"

हे मावशीलाही ठाऊक नव्हतं. तिनं दोर मुठीत आणखी आवळला. मग म्हणाली, "कोन?"

"तुहा नवरा."

"नाव सांगा. मले घेता येत नायी." आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, मेल्यावरही नाही. मुकादमानं नाव घेतलं. पन्नासभर गाडीवानांनी ऐकलं. मी लिहिलं.

"आता तुमचं लिवा, मास्तर," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. मी लिहिलं: वंगणाबद्दलचे वाक्य शाळेच्या मास्तराने न पाहता, न विचारता, आपल्या मनाने घातले होते. खाली सही केली.

सगळं झालं होतं, तरी मावशी दोर सोडेना. तिचा मोकळा हात दुसऱ्या वेढ्यावर गेला. मी मनात म्हणत होतो, काढ, मावशी, तोही काढ. मी एवढ्या मनापासून देवाजवळसुद्धा कधी काही मागितलं नसेल. तिनं खाली पाहिलं. बैलांच्या तोंडाला फेस आला होता, मागचे पाय थरथरत होते. "बैलायचा काय गुन्हा हाये," ती म्हणाली आणि वीतवीत दोर सोडत तिनं ती बंडी नदीपर्यंत अलगद उतरवली.

मी तो कागद ठाण्यात नेऊन दिला. त्याचं पुढं काही झालं नाही. ठाण्याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. पण त्या दिवशी उतारावर ज्या गाडीवानांनी ते ऐकलं त्यांची तोंडं उघडली, ती पुन्हा मिटली नाहीत. त्याच संध्याकाळी मुकादमाच्या गाडीवानांनी बैल सोडले. त्याचा कापूस नदीकाठी उघड्यावर दोन दिवस भिजला. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत त्या मुकादमासाठी कोणी बंडी जुंपेना. मालकानं त्याला हाकलून दिलं. पुढं मी त्याला एकदा अकोल्याच्या बाजारात पाहिलं, दुसऱ्याच्या दुकानापुढं झाडू मारताना. मी मुद्दाम दोन वेळा त्याच्या समोरून गेलो.

मावशीला मी विचारलं होतं, आता बरं वाटतं का? ती वंगण कालवत होती. हात पुन्हा काळे झाले होते. "वाटते ना," ती म्हणाली. मग म्हणाली, "पन वंगण म्याच घातलं होतं, मास्तर." मी म्हणालो, मावशी, वंगणाचा संबंध नव्हता हे तुम्हीच तर आम्हाला दाखवलंत, आठ माणसं दोराला लावून. ती म्हणाली, "तुमाले दाखवलं. माह्या हाताले कोन दाखवीन?"

मग आगगाडी आली. रस्त्यावरच्या बंड्या बघता बघता आटल्या. आठवड्यात दोन-चार येत, त्याही गवताच्या. मावशीच्या मडक्यावर साय धरली. त्याच सुमारास माझी अमरावतीला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ती रुळांकडं तोंड करून बसली होती. लांबून गाडीचा आवाज येत होता आणि ती डोळे मिटून ऐकत होती. मी धीर करून म्हणालो, मावशी, मला माफ केलंत का?

गाडी पुलावरून धडधडत गेली. "एवढं मोठं धूड," ती म्हणाली, "हे उतारावर थांबवते कसं? याचं लोढणं कुठं हाये?"

मी म्हणालो, मला नक्की ठाऊक नाही.

"मंग लिवू नका अजून," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "अन् तुमच्यावर एक वेढा राहू द्या, मास्तर. तो म्या नायी काढत."

चार-पाच वर्षांनी नथ्थू अमरावतीला आला, त्यानं सांगितलं की मावशी गेली. शेवटी अंघोळ घालताना बायकांनी तिचे हात राखेनं घासले, पण काळं निघालं नाही.

अमरावतीच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. घर्षणाचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायला लावायचो. पडवीच्या खांबाला दोर गुंडाळून वर्गातल्या सगळ्यांत दांडग्या मुलाला ओढायला सांगायचो आणि टोक सगळ्यांत किडकिडीत मुलाच्या हाती द्यायचो. मुलं हसून लोळायची. मग मी त्यांना उताराची गोष्ट सांगायचो, माझ्या वाक्यासकट. दर वर्षी तो वेढा मला पुन्हा आवळायचा, आणि तो सैल व्हावा असं मला कधी वाटलं नाही.

मुकादमाचं नाव मी आजही लिहीत नाही. गाडीवानाचं नाव सुखदेव होतं. तो जागा होता, आणि त्यानं दोनदा लोढणं मागितलं होतं.